मिनिटाला आठ

१

पनवेलजवळच्या कोन गावात घरतांकडे चोरी झाली होती आणि चोरीला गेलेली वस्तू जागच्या जागी होती.

काशिराम भोईर पाच मिनिटं त्या वस्तूकडे बघत उभा होता. दोनदा बसा म्हटलं तरी तो बसला नव्हता. टेबलावर जुना, पिवळट पडलेला कॉम्प्युटर. पडद्यावर लाल-निळे मणी एकमेकांत गुंतत सावकाश फिरत होते. टेबलाखाली त्याच्या डब्याचा, म्हणजे सीपीयूचा, पंखा घुरघुरत होता. वर भिंतीवर रियाचा फोटो.

“वहिनी, हा काय. आहे की.”

“हा तिचा नाय,” दमयंती म्हणाली. “डबा बदललाय कोणीतरी.”

सोफ्यावर बसलेल्या प्रितेशने, तिच्या मुलाने, कपाळाला हात लावला. “काका, तीन आठवडे हेच ऐकतोय. हिला डॉक्टरकडे न्यायचं का, तेवढं सांगा.”

“तूच जा डॉक्टरकडं. दोन वर्सं मना या आवाजावर झोप लागते. ह्याचा आवाज पोकळ हाय. आणि ते मणी बघा, काशिरामभाऊ. तिच्या वेळेला एकदा दिसलेले मणी परत तसे कदी दिसले नाय. आता तेच तेच फिरून येतात.”

रिया ही दमयंतीची धाकटी. खारघरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. रक्ताच्या आजाराने दोन वर्षांपूर्वी, २००७ साली गेली, तेविसाव्या वर्षी. शेवटचं वर्ष घरीच होती, तेव्हा तिने हा उद्योग आरंभला होता. नवी औषधं शोधायची तर परदेशातल्या संशोधकांना डोंगराएवढी गणितं करावी लागतात. त्या गणितांचे तुकडे करून ते जगभरातल्या घरगुती कॉम्प्युटरांना वाटून देतात. आपण कॉम्प्युटरला हात लावत नसू तेवढ्या रिकाम्या वेळात तो त्यांचं गणित करतो आणि उत्तर इंटरनेटवरून परत धाडतो. आपण हात लावला की थांबतो. पडद्यावर मणी फिरले की समजायचं, काम चालू आहे. “आई, मी झोपले तरी माझं काम चालू,” असं रिया म्हणायची.

ती गेल्यावर दमयंतीने त्या कॉम्प्युटरला कोणाला हात लावू दिला नाही. लोडशेडिंगमध्ये बंद पडला की वीज आल्यावर बटण दाबायचं, एवढंच तिला येत होतं आणि तेवढं ती न चुकता करत होती. त्या आजाराचं नाव मात्र त्या घरात कोणी काढायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती.

काशिरामला बोलावलं होतं ते त्याच्या जुन्या नोकरीमुळे. एकतीस वर्षं तो पनवेल-उरण पट्ट्यात घरोघर विजेचे मीटर वाचत फिरला होता. कोणाकडे फ्रिज लपवलाय, कोणाचा भाडेकरू पळालाय, हे त्याला मीटरवरून कळायचं. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी त्याच्या पायांना चैन नव्हती. बायको म्हणायची, तुम्हाला खुर्ची चावते.

सून हेतल चहा ठेवून गेली. ती करंज्याच्या कोळीवाड्यातली. वर्षापूर्वी प्रितेशने प्रेमाने लग्न करून आणलेली. दमयंती तिच्याशी कामापुरतंच बोलायची.

“भाऊ, एक सांगून ठेवतंय,” दमयंती म्हणाली, आणि आवाज मुद्दाम स्वयंपाकघरापर्यंत जाईल असा चढवला. “ज्यानं नेला त्याला या घरात पाण्याचा पेलासुदा मिळणार नाय. पोटचा असला तरी.”

काशिरामने चहा तसाच ठेवला. “प्रितेश, घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रिज बंद कर. फक्त हा डबा चालू ठेव.”

२

मीटर ओटीवर होता. त्याच्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. घरात जितकी वीज जास्त खर्च होते, तितका तो भरभर लुकलुकतो. मीटरशेजारच्या चुन्यावर पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता: ८.

काशिरामने तो आकडा लगेच ओळखला. रियानेच लिहिला होता तो. रीडिंगला आलेला असताना तिने त्याला ओटीवर धरून ठेवलं होतं. “काका, माझ्या कॉम्प्युटरने बिल किती वाढेल हो? आई ओरडेल.” मग दोघांनी घरातलं सगळं बंद करून, इथेच उकिडवं बसून, घड्याळ लावून दिव्याची लुकलुक मोजली होती. मिनिटाला आठ.

आता त्याने मोजली. पाच. शंका नको म्हणून परत मोजली. पाच.

“तुझ्या आईला डॉक्टरची गरज नाही,” तो आत येऊन प्रितेशला म्हणाला. “गणित करणारा डबा जास्त वीज खातो. हा बसून आहे. पडद्यावर कोणीतरी मण्यांची फिल्म लावून दिलीय, तीच फिरतेय.”

दमयंतीने डोळ्यांना पदर लावला. तीन आठवड्यांत तिच्यावर विश्वास ठेवणारा हा पहिलाच माणूस.

काशिराम टेबलाखाली वाकला. डब्याची मागची बाजू स्वच्छ होती.

“मी दर दसऱ्याला मागं हळदीचं बोट लावतंय,” दमयंती म्हणाली. “दोन वर्सांची हळद होती तिकडं. आठ दिवसांमागं दसऱ्याला लावायला गेले, तर काय नाय. तवाच माझी खात्री पटली.”

“ती मी पुसली होती, काका,” दारातून हेतल म्हणाली. “ओल्या फडक्याने. चिकट झाली होती.”

काशिराम नुसता “हं” म्हणाला.

प्रितेशचा चेहरा उतरला होता, पण तो हटायला तयार नव्हता. “काका, मग हे कसं?” त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. “त्या लोकांच्या वेबसाइटवर रियाचं खातं आहे. आईची समजूत घालायला मी प्रिंट काढून आणली. गेल्या दोन महिन्यांत कुठलं काम कधी पोचलं त्याची यादी. तोच कॉम्प्युटर, तोच नंबर. कालपर्यंत काम पोचतंय.”

काशिरामने कागद उजेडात धरला. डबा चोरीला गेला होता, आणि चोराकडे बसून तो रियाचंच काम करत होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने स्कूटर काढली.

प्रितेश तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टला होता. गेटबाहेरच्या टपरीवर दोघे उभे राहिले. आत भोंगा वाजत होता आणि हवेला तो तिथला नेहमीचा उग्र वास होता.

“तुला खारघरला फ्लॅट घ्यायचाय म्हणे.”

“घ्यायचाय. आई म्हणते, कॉम्प्युटर हलणार नाही आणि मीपण. त्यावरून आमचं वाजतं, लपवत नाही. पण काका, मी नेला असता तर बंद करून टाकला असता. चोरून परत चालू कशाला ठेवीन? आणि ठेवणार कुठे, इथे?”

“का नाही? इथली वीज कधी जात नाही.”

“नाही जात. चोवीस तास प्लांट चालतो. पण गेटवर डबाही उघडून बघतात, जेवणाचा.”

तिथून तो पनवेलला आला. एसटी स्टँडजवळच्या गल्लीत कल्पेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. कल्पेश प्रितेशचा चुलतभाऊ. रियाच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती त्याच्याशिवाय कोणी करायचं नाही. सव्वाबारा वाजले होते, गल्लीतली वीज गेलेली, आणि कल्पेश मेणबत्तीच्या उजेडात कोणाचा तरी कीबोर्ड झटकत होता.

“इन्व्हर्टर घे की रे.”

“घेऊ कधीतरी. बारा ते तीन रोजचं मरण आहे, सवय झाली. दमयंतीकाकूंच्या डब्याचं ऐकलं मी. पण काका, कोण बदलेल? तसला जुना कॅबिनेट आता मिळतो कुठे? मला स्वतःला शोधायला दोन महिने लागले.”

“कोणासाठी शोधलास?”

कल्पेशच्या हातातला कीबोर्ड काउंटरवर आपटला. “गिऱ्हाईक होतं एक,” तो म्हणाला, आणि नंतर काशिरामच्या डोळ्यांना डोळा दिला नाही.

काशिरामने जास्त ताणलं नाही. दुपारी तो कोनला पोचला तेव्हा दमयंती देवळात गेली होती आणि हेतल ओटीवर सुका जवळा निवडत होती.

“माहेरचा वाटतं?”

“हो. काल सकाळी जाऊन आले. दर आठवड्याला जाते. बाबांना बरं नसतं.”

“काय होतंय?”

“अशक्तपणा आहे.” तिची बोटं थांबली नाहीत.

“रियाच्या कॉम्प्युटरला तू हात लावायचीस का गं?”

“आई लावू देत नाहीत.”

“मग पुसलास कसा?”

“त्या देवळात जातात तेव्हा,” हेतल म्हणाली. उत्तर पटण्याजोगं होतं. तरी काशिरामला ते स्कूटरवर बसेपर्यंत टोचत राहिलं, आणि का टोचतंय ते पनवेलच्या पुलावर आल्यावर कळलं. त्याच्या घरच्या प्लॅस्टिकच्या पाटावर हळद सांडून चार वर्षं झाली होती. बायकोने साबण लावला, राख लावली, तरी पिवळा डाग गेला नव्हता. ओल्या फडक्याने दोन वर्षांची हळद जाते, असं म्हणणारीने तो डबा पुसलाच नव्हता.

पण खोटं बोलणं वेगळं आणि चोरी करणं वेगळं. नवऱ्याला पाठीशी घालायलाही बायको खोटं बोलते.

४

घरी त्याच्याने बसवेना. कागद आणि पेन्सिल घेऊन तो वडाळे तलावाला गेला आणि काठाकाठाने चालायला लागला. पाच पावलं चालायचं, थांबायचं, कागदावर खूण करायची. फिरायला आलेले लोक वळून बघत होते.

यादीतल्या वेळा परदेशातल्या होत्या. प्रितेशने सांगितलं होतं, साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. काशिराम मिळवत गेला. ऑगस्टभर दुपारी दोन ते पाच एकही काम पोचलं नव्हतं. बरोबरच होतं, कोनला रोज त्या वेळी वीज नसते.

बारा सप्टेंबरपासून चित्र पालटलं होतं. दुपारी अडीचला काम पोचलंय, चारला पोचलंय, पावणेपाचला पोचलंय. सगळ्या कोनमध्ये काळोख असताना रियाचा डबा गणित करत होता. म्हणजे त्या दिवसापासून तो कोनमध्ये नव्हता. ही यादी घरातल्या सगळ्यांनी बघितली होती, पण साडेपाच तास मिळवायची तसदी कोणी घेतली नव्हती.

मग कुठे होता? तळोज्याला वीज जातच नाही, आणि या यादीत तर रोज एक खिंडार दिसत होतं. कल्पेशकडे बारा ते तीन जाते, पण दुपारी एकला, दोनला कामं पोचलेली होती. खिंडार होतं सकाळी नऊ ते बारा. एकदाही चुकलं नव्हतं.

नऊ ते बारा. काशिराम उभा राहिला. उरणच्या अंगाला चार वर्षं रीडिंग केलं होतं त्याने. सकाळी नऊला वीज जाते म्हणून बायका साडेआठलाच पाण्याच्या पंपावर भांडायच्या. करंजा त्याच लाइनवर.

आणखी एक गोष्ट होती. एक पूर्ण दिवस डबा गप्प होता. रविवारी सकाळपासून सोमवारी दुपारपर्यंत. त्याने बोटांवर तारखा मोजल्या. खंडेनवमीची सकाळ ते दसऱ्याची दुपार. खंडेनवमीला कोळ्यांच्या घरी जाळी, कोयते, होडीचं इंजिन, सगळी हत्यारं धुऊन पुजतात आणि त्यांना विसावा देतात. दमयंतीने त्या डब्याला कधी विसावा दिला नव्हता. करंज्याच्या या घराने दिला होता. त्यांच्या लेखी ते कामाचं हत्यार होतं.

तो पुढे चालेना. यादीवरून दिसत होतं ते एवढंच नव्हतं. हा डबा कोणी हात लावला की थांबतो, आणि तीन आठवड्यांत तो वीज आणि त्या एका विसाव्याखेरीज कशाने थांबला नव्हता. कोणी त्याच्यावर पत्र टाइप केलं नव्हतं, खेळ खेळला नव्हता, सिनेमा पाहिला नव्हता. ज्याने नेला त्याला कॉम्प्युटर नकोच होता. त्याला रियाचं काम हवं होतं.

कोण, ते काशिरामला कळलं होतं. पाण्याच्या पेल्याचं बोलणंही आठवत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपण घरी बसून राहिलो असतो तर बरं झालं असतं.

५

संध्याकाळी त्याने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. कल्पेशलाही. पडद्यावर तेच तेच मणी फिरत होते.

काशिराम येरझाऱ्या घालत बोलला. मीटरचं सांगितलं, साडेपाच तासांचं सांगितलं, दोन ते पाचचं सांगितलं. प्रितेश सुटला, कल्पेशचं दुकान सुटलं. “ज्याने नेला,” तो म्हणाला, “त्याला बंद करून माळ्यावर टाकता आला असता. कोणाला कधी पत्ता लागला नसता. पण मेलेल्या पोरीचं काम थांबवायला त्याचा हात धजला नाही. त्यामुळे सापडला.”

“कोण?” दमयंतीने विचारलं.

काशिरामने यादीची घडी घातली.

“कोण, भाऊ?”

“मी,” हेतल म्हणाली. “डबा बदलायला आणि तिकडे पडदा, इंटरनेट जोडून द्यायला कल्पेशभाऊजींना मीच रडून तयार केलं. त्यांना बोल लावू नका.”

प्रितेश उठून उभा राहिला. “तू? कशाला?”

“बाबांना ब्लड कॅन्सर आहे.”

दोन वर्षांत तो शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. दमयंतीने खुर्चीचा हात धरला.

“जुलैमध्ये कळलं,” हेतल म्हणाली. आता ती थांबत नव्हती. “या घरात ते नाव काढायचं नाही, मग सांगू कोणाला? बाबा इस्पितळात जायला तयार नव्हते. मरायचंच तर समुद्र बघत मरतो, म्हणायचे. मग मी त्यांना रियाचं सांगितलं. की एक पोरगी स्वतः मरत असताना याच आजाराच्या औषधाचं काम लावून गेली, आणि ते अजून चालू आहे. ते म्हणाले, मला दाखव. ते यंत्र माझ्यासमोर चालताना दिसलं तर मी सुई घेईन.”

“अगं, औषध काय त्या डब्यातून निघत नाही,” काशिराम हळूच म्हणाला. “उत्तरं लांब जातात. वर्षं लागतील.”

“माहीत आहे, काका. बाबांनाही माहीत आहे. तरी ते त्याच्याकडे बघून जातात इस्पितळात. सहा सुया झाल्या.”

“आणि हा?” दमयंतीने पडद्याकडे बोट केलं. “हा खोटा मना दिलास. खोटा बापाला दिला असतास, खरा इथं राहिला असता. मणी काय, दोन्हीकडं फिरले असते.”

“मरणाऱ्या माणसाला खोटा नाही देऊ शकले मी.” हेतल आता रडत होती. “तुम्हाला दिला. चुकलं माझं.”

“मागायचा होतास.”

“मागितला असता तर दिला असता, आई?”

दमयंतीने रियाच्या फोटोकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या मण्यांकडे.

“नाय,” ती म्हणाली. “नसता दिला.”

ती उठली आणि आत गेली. हेतलने पदर आवरला. बहुतेक ती पिशवी भरायच्या तयारीत होती. प्रितेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. आत माठावरचं झाकण वाजलं. दमयंती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिने हेतलच्या हातात दिला आणि ती पूर्ण पिईपर्यंत समोर उभी राहिली.

“उद्या मना करंज्याला ने,” ती म्हणाली.

६

दुपारी करंज्याच्या धक्क्यावर बोंबील वाळत होते. हेतलच्या घराला अजून वीस पावलं होती, तेवढ्यात दमयंती गल्लीत थबकली.

“तो बघ, तिच्या डब्याचा आवाज,” ती म्हणाली. काशिरामला इंजिनांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

आत मासळीच्या दोन क्रेटवर लाकडी फळी आणि फळीवर रियाचा डबा आणि एक पडदा. शेजारी खाटेवर हेतलचे वडील, आनंदा नाखवा. डोक्यावरचे केस गेलेले, अंगावर गोधडी. ते उठायला लागले तशी दमयंतीने हाताने खूण करून त्यांना बसवलं. पडद्यावर मणी फिरत होते, आणि एकही आधीच्यासारखा नव्हता.

“खंडेनवमीला एक दिस इसावा दिला होता,” नाखवा अपराधी आवाजात म्हणाले. “हेतल बोलली, द्यायचा नाय. पण हत्यार हाय, बोललो.”

“या हत्याराला इसावा नाय चालत,” दमयंती म्हणाली. “पुढच्या साली नुसती हळद लावा. हा इथंच राहील. पण याला बंद करायचा नाय, आणि तुमी पण सुई बंद करायची नाय. कबूल?”

म्हाताऱ्याने मान हलवली.

घरी कोनला कल्पेश सकाळपासून खाली मान घालून बसला होता. फिल्म काढून टाकून त्या दुसऱ्या डब्यालाही खरं काम लावायचं, रियाच्याच नावावर, असं दमयंतीने त्याला निघताना बजावलं होतं.

ती वाकून डब्याच्या मागे बघत होती. जुनी हळद जागच्या जागी होती. तिने कमरेच्या पिशवीतून पुडी काढली, बोट ओलं केलं आणि या वर्षीचं राहिलेलं बोट लावलं. मग काशिरामला म्हणाली, “भाऊ, मोजा.”

त्याने घरातला पंखा, दिवा, सगळं बंद करायला लावलं आणि दाराबाहेर मीटरसमोर उकिडवा बसला. हेतल घड्याळ धरून उभी राहिली. मिनिट झालं.

“आठ,” काशिराम म्हणाला.

दमयंतीने हेतलकडे पाहिलं. “पेन्सिल असेल ना घरात? लिही तिकडं, मीटरच्या बाजूला.”

हेतलने लिहिलं. हेतलच्या आईने आतून चहाला हाक मारली आणि काशिराम जाऊन खाटेशेजारच्या खुर्चीवर बसला.